दोन बोटं तार

रोहिणी वाघुळदे आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसली, तेव्हा अण्णांनी तिला माझं ताट दिलं. त्याच्या कडेवर ‘कु. मालन द. शिंगटे’ असं नाव कोरलेलं होतं. सातवीत पहिली आले म्हणून मामानं कराडहून आणलेलं ते ताट मी स्वतः घासायची, दुसऱ्या कुणाला घासू द्यायची नाही.

“अण्णा, ते माझं हाय,” मी म्हटलं.

“मग काय झालं? पाव्हण्यांस्नी चांगलं ताट द्यायचं असतं,” अण्णा म्हणाले. “तू आईसंगं बस.”

“राहू द्या ना, मला कुठलंही चालेल,” रोहिणी म्हणाली आणि त्या ताटात आमटी कालवायलाही लागली. मनगटात घड्याळ, दोन वेण्या, आणि बोलणं रेडिओवरच्या बाईसारखं स्वच्छ. मला ती त्या क्षणापासून आवडली नाही.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. माझे अण्णा, दत्तोबा शिंगटे, तिथले पॅनमन. पॅन म्हणजे आमच्या दोन खोल्या आत मावतील एवढं मोठं बंद लोखंडी भांडं. त्यात उसाचा रस आटत आटत घट्ट होतो आणि शेवटी त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा चांगला धरला तर साखर, नाही तर नुसता गाळ, आणि तो धरायचा की नाही ते पॅनमनच्या हातात. चौथी नापास झालेल्या अण्णांना मोठे साहेबसुद्धा ‘शिंगटे अण्णा’ म्हणायचे ते त्यामुळेच.

रोहिणी होती जळगावकडची. पुण्याला साखरेचंच शिक्षण घेत होती आणि दीड महिना काम शिकायला आमच्या कारखान्यावर आली होती. चीफ केमिस्ट गोसावीसाहेबांनी तिला अण्णांच्या हाताखाली दिलं. गेस्टहाऊसवर एकट्या मुलीच्या जेवणाची सोय नव्हती, म्हणून संध्याकाळचं जेवण आमच्याकडे.

आता अण्णांचं सांगते. घरात त्यांचं बोलणं म्हणजे मोजून चार शब्द: पाणी, वाढ, पुरं, निजा. मी दहावीला होते, पण मी कुठल्या तुकडीत आहे हे त्यांना सांगता आलं नसतं. लहानपणी एकदा मी म्हटलं होतं, मला पॅन बघायचाय. “तितं बायामाणसाचं काय काम,” एवढंच उत्तर मिळालं. मी डबा घेऊन जायची ती लोखंडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. तिथून वर अण्णांचे हात दिसायचे, पण चौथ्या पायरीवर मी कधी पाय ठेवला नव्हता. आणि ही रोहिणी दुसऱ्या दिवशी पॅन्ट घालून थेट वर!

मी आईला म्हटलं, “ती बायामाणूस न्हाई व्हय?”

“ती शिकल्याली हाय,” आई म्हणाली. “तू भाकरी थाप.”

रोज संध्याकाळी तेच. रोहिणी हात धुऊन बसली की प्रश्न सुरू. “अण्णा, आज वाफ कमी का केली?” “अण्णा, तुम्ही काचेवर दाणा बघितला तेव्हा मान का हलवली?” आणि माझे मुके अण्णा बोलायचे! भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बोलायचे. दाणा कसा रुसतो, कसा दांडगाई करतो, एका हंगामात अख्खा पॅन कसा दगड होऊन बसला, बारा माणसांनी तो कसा फोडला. हे सगळं मी सोळा वर्षांत ऐकलेलं नव्हतं. मी चुलीपुढं बसून ऐकायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मुद्दाम तिच्या आमटीत मीठ दोनदा घातलं. ती काही न बोलता जेवली आणि तीन तांबे पाणी प्यायली. त्याचाही मला राग आला.

तिच्याकडे एक निळी वही होती. अण्णा बोलले की ती त्यात लिहायची. अण्णांचे शब्द कुणीतरी लिहून घेतंय हेच मला सहन व्हायचं नाही. संक्रांतीनंतर चार-पाच दिवसांनी ती वही आमच्या कोनाड्यात विसरून गेली. मी ती घेऊन परसात केळीमागं बसले. चोरी वगैरे काही वाटलं नाही. आत माझ्याच बापाचं बोलणं होतं.

पानंच्या पानं अण्णा भरलेले होते. ‘अण्णा म्हणतात’, ‘अण्णांच्या मते’. मी ओठ चावत वाचत गेले आणि एका पानावर थांबले. तिथं चौकट आखून लिहिलं होतं: ‘बी कधी सोडायचं – दोन बोटं तार धरली की. (अण्णा)’

बी म्हणजे पिठासारखी दळलेली साखर. रस पुरेसा घट्ट झाला की ते चमचाभर बी पॅनमध्ये सोडतात आणि त्या कणांवर साखर चढत जाऊन मोठा दाणा होतो. सगळी करामत सोडायच्या वेळेत. लवकर सोडलं तर बी विरघळून जातं. उशीर झाला तर रस आपला आपणच नको तेवढे बारीक दाणे धरतो. त्याला खोटा दाणा म्हणतात. खोट्या दाण्यानं पुढची यंत्रं तुंबतात आणि पॅनमनचं नाव जातं. एवढं कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण वेळ नेमकी कुठली ते फक्त पॅनमनला माहीत. तो रसाचा थेंब अंगठा आणि बोटात धरून ताणतो, तार बघतो आणि ठरवतो.

आणि अण्णा दोन बोटं तार होईपर्यंत थांबत नसत.

हे मला कसं माहीत? वर्षातून एकदाच अण्णा स्वयंपाकघरात यायचे, संक्रांतीच्या हलव्याचा पाक बघायला. आई परातीत तीळ गरम करत बसायची, अण्णा पाकाचा थेंब बोटात घ्यायचे आणि ताणायचे. तार बोटभरच, म्हणजे एका बोटाच्या रुंदीएवढीच यायची आणि तुटायची. तुटलेलं टोक लोंबत राहिलं तर ते मान हलवायचे. टोक वर वळून बोटाला चिकटलं की म्हणायचे, “उतरव.” त्या हलव्याला असा काटा यायचा की कॉलनीतल्या बायका लेकी-सुनांचे दागिने करायला आईकडून मागून न्यायच्या. आणि तिसऱ्या पायरीवरून मी शंभर वेळा बघितलं होतं, पॅनवरही ते तसंच करायचे. बोटभर तार, तुटली, टोक वळलं, की मदतनिसाला ओरडायचे, “सोड बी!” दोन बोटं तार होईस्तोवर तर बी पडून कितीतरी मिनिटं झालेली असायची.

म्हणजे अण्णांनी रोहिणीला सगळं सांगितलं होतं, आणि जे सांगायचं तेच खोटं सांगितलं होतं. हातचं राखून ठेवलं होतं.

काय आनंद झाला मला! मी त्या केळीला मिठी मारायचीच बाकी होती. वही परत कोनाड्यात ठेवली आणि त्या संध्याकाळी रोहिणीला स्वतःहून तूप वाढलं.

“आज मालन खुशीत दिसती,” आई म्हणाली.

“तिची परीक्षा जवळ आली ना, म्हणून,” रोहिणी म्हणाली. “माझीही आली. शुक्रवारी आमचे सर येणार आहेत पुण्याहून. त्यांच्यापुढं एक पॅन मी एकटीनं उतरवायचाय.”

“येकटीनं?” आईनं विचारलं.

“हो. अण्णा नुसते मागे उभे राहणार. वहिनी, आमच्या वर्गात मी एकटी मुलगी आहे. मुलींना पॅन जमत नाही, त्यांना प्रयोगशाळेत बसवा, असं सगळे म्हणतात. हा पॅन बिघडला तर मीही प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला.”

मी अण्णांकडे बघितलं. ते खाली मान घालून भाकरी कुस्करत होते.

शुक्रवारपर्यंतचे चार दिवस मी सुखात काढले. खोटं का बोलू, मी मनातल्या मनात तो पॅन रोज बिघडवत होते. साहेब ओरडताहेत, रोहिणी वेण्या आवळून जळगावच्या गाडीत बसते आहे, आणि माझं ताट मला परत मिळालंय.

गुरुवारी ती लवकर आली. आई दळणाला गेली होती, अण्णा अजून कारखान्यावर. मी लसूण सोलत होते. ती माझ्यासमोर बसली आणि एक एक पाकळी उचलून सोलायला लागली.

“मालन, तुला एक सांगू? माझे वडील मी बारा वर्षांची असताना गेले. अण्णांनी मला जे शिकवलं ना, ते कुणी परक्याला शिकवत नाही. आमचे सर म्हणायचे, जुने पॅनमन काही सांगत नाहीत, लपवतात. पण अण्णांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. अगदी मुलीसारखं मानलं त्यांनी मला.”

मुलीसारखं!

ती आणखी काहीही बोलली असती तरी मी गप्प बसले असते. मी पॅन बिघडू दिला असता, ती रडली असती, मी तिला निरोप द्यायला एसटीपर्यंत गेले असते. पण तो शब्द मला झोंबला.

“तुम्हाला खोटं सांगितलंय त्यांनी,” मी म्हटलं.

“काय?”

“दोन बोटं तार. खोटं हाय ते. अण्णा कधी दोन बोटांपत्तूर थांबत न्हाईत. बोटभर तार येती, तुटती, आन् तुटल्यालं टोक वर वळतं. तवा सोडायचं बी. मला ठावं हाय. मी मुलगी हाय त्यांची. मुलीसारखी न्हाई.”

रोहिणीनं हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. मग ती उठली, चुलीवर साखर-पाण्याचं पातेलं चढवलं आणि म्हणाली, “दाखव.”

मी दाखवलं. चार वेळा. बोटं पोळली दोघींची. तिला जमलं तेव्हा ती हसली नाही. ‘थँक्यू’ही म्हणाली नाही. त्या दिवशी ती आमच्याकडे जेवलीच नाही, डोकं दुखतंय म्हणून निघून गेली.

शुक्रवारी मी शाळा बुडवली आणि डबा घेऊन तिसऱ्या पायरीवर उभी राहिले. वर पुण्याचे सर, गोसावीसाहेब, दोन मदतनीस. रोहिणी पॅनपुढं. अण्णा तिच्या मागं, हाताची घडी घालून. पॅनच्या काचेतून पिवळा उजेड दिसत होता आणि आत रस उकळत होता.

रोहिणीनं पॅनच्या आत जाणाऱ्या दांडीनं रस काढला. बोटात धरला. ताणला. पुसून टाकला. पुन्हा काढला. अण्णांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. ते कशाची तरी वाट बघत होते, आणि कशाची ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी तिनं थेंब ताणला, तार बोटभर आली आणि तुटली. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

“सोडा बी!” ती ओरडली.

अण्णांच्या हाताची घडी सुटली. एक हात पुढं आला, हवेतच थांबला आणि खाली गेला.

पुढचा अर्धा तास पॅन उकळत राहिला. मग गोसावीसाहेबांनी काचेच्या पट्टीवर रस घेऊन उजेडात धरला, भिंगातून बघितला, पुण्याच्या सरांना दिला. “एकसारखा दाणा,” ते म्हणाले. “एक खोटा नाही. शिंगटे अण्णा, पोरीनं तुमचं कसब उचललं हो!”

“व्हय साहेब,” अण्णा म्हणाले. ते जिन्यानं खाली आले, माझ्या हातातला डबा न घेताच पुढं गेले.

त्या संध्याकाळी रोहिणी पेढे घेऊन आली. तिचं ते आमच्याकडचं शेवटचं जेवण. आईनं पुरण घातलं होतं. सगळे बसले, आई वाढत होती, आणि अण्णांनी पहिला घास हातात धरूनच विचारलं.

“तार तुटल्यावर बी सोडलंस तू. म्या तसं सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं?”

ती आता माझं नाव घेणार, याची मला भीती वाटली. आणि ती माझं नाव घेणार नाही, याचीही. दोन्ही भीती एकाच वेळी खऱ्या होत्या.

रोहिणी शांतपणे म्हणाली, “पुस्तकात आहे, अण्णा.”

“पुस्तकात हाय?”

“हो.”

अण्णांनी घास ताटात ठेवला. मी त्यांचा असा चेहरा आधी कधी बघितला नव्हता आणि नंतर फक्त आई गेली तेव्हा बघितला.

“कानपूरकडचा मिस्त्री हुता आमचा,” ते म्हणाले, कुणाकडेच न बघता. “सात वर्सं त्येची धोतरं धुतली म्या. पाय चेपलं. सात वर्सांनी त्येनं ह्ये एवढं दावलं, तेबी जायच्या दिवशी. हिला दीड म्हैन्यात कसं सांगू? सांगवंना मला. आन् ते पुस्तकात हुतं. कुणीबी वाचावं असं.”

रोहिणीला वाटलं असेल की तिनं मला वाचवलं. पण माझ्यापुढं माझा बाप बसल्या जागी म्हातारा झाला होता. आणि खरं सांगायचं तर, तसं सुटायची माझी इच्छाही नव्हती.

“पुस्तकात न्हाई, अण्णा,” मी म्हटलं. “मी सांगितलं.”

आईनं डाव खाली ठेवला.

“तू?” अण्णांनी विचारलं.

“हलव्याच्या पाकाला बघितलं. आन् जिन्यावरनं बघितलं. तुमी बोटभर तार तुटू देता आन् टोक वळलं की सोडता.”

“किती दिस बघतीयास?”

“पयल्यापास्नं.”

“मग हिला कशापायी सांगितलंस?”

“तुमी तिच्यासंगं बोलता म्हणून!” माझा आवाज चिरकला. “रोज बोलता. माझ्यासंगं सोळा वर्सांत कधी बोलला न्हाई. तिला शिकवलं ते खोटं, पर बोलला तरी. मला खोटंबी सांगितलं न्हाईत कधी!”

मला वाटलं आता मुस्काटात बसणार. पण अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. चोरी झाली होती, पण घरातच झाली होती. पुस्तकात सापडण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं असावं.

“अण्णा, पुस्तकात फक्त आकडा आहे,” रोहिणी खालच्या आवाजात म्हणाली. “तो बोटाला कसा कळायचा, ते नाही.”

त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे वळून बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

“एवढं बघितलंस तर सांग. टोक वळलं की सोडायचं, ते का? आदी का न्हाई, मागनं का न्हाई?”

रोहिणीनं तोंड उघडलं. अण्णांनी हात वर केला. “तू थांब. तिला सांगू दे.”

काय संधी होती! सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी खूप विचार केला. दहावीचं शास्त्राचं पुस्तक डोक्यात पालथं घातलं. काही मिळालं नाही.

“ठावं न्हाई,” मी म्हटलं.

“मलाबी न्हाई,” अण्णा म्हणाले. “पस्तीस वर्सं करतोय. मिस्त्रीलाबी ठावं नव्हतं. इचारलं तर त्यो चप्पल फेकून मारायचा.” मग ते रोहिणीकडे वळले. “तुला ठावं हाय?”

तिला ठाऊक होतं. तिनं पाण्याचा तांब्या आणि साखरेचा डबा जवळ ओढून सांगितलं. पाणी एका हद्दीपर्यंत साखर पोटात ठेवून घेतं. हद्दीच्या अलीकडे बी विरघळतं. हद्दीच्या फार पलीकडे गेलं तर रसाला साखर सांभाळवत नाही, तो कुठंही दाणा धरतो. पण मध्ये एक अरुंद पट्टा असतो. तिथं नवा दाणा जन्मत नाही, फक्त आपण टाकलेलाच वाढतो. अण्णांचं बोट तो पट्टा ओळखतं.

“असं हाय व्हय,” अण्णा म्हणाले. मग पुन्हा, “असं हाय व्हय.” पुरणपोळी गार झाली तरी ते तिच्याकडे बघत होते. एका मिनिटासाठी ते माझे झाले होते आणि तिनं त्यांना परत नेलं. त्या बघण्याबद्दल मी तिला आजही पूर्ण माफ केलेलं नाही.

जूनमध्ये अकरावीच्या अर्जावर मी शास्त्र लिहिलं. घरात ठरलं होतं कला शाखा आणि मग डी.एड. मुलाखतींत, भाषणांत मला विचारतात की शास्त्राच्या क्षेत्रात कशा आलात. मी ‘वडिलांची प्रेरणा’ असं सांगते, टाळ्या पडतात. खरी गोष्ट अशी की मी रोहिणी वाघुळदेवर जळून शास्त्राला गेले. गणितात दोनदा काठावर पास झाले, वसतिगृहात रडले, पण तिला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नाही, या विचारानं पुन्हा पुस्तक उघडलं. कुतूहल वगैरे फार नंतर आलं. आलं ते खरं, पण जळफळाटाच्या मागून आलं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तो अरुंद पट्टा आम्हाला शिकवला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले ती थेट अण्णांपुढं बसले. कागदावर रेघा काढल्या, हद्द दाखवली, आकडे मांडले. रोहिणीनं सांगितलं होतं त्याहून दुप्पट सांगितलं. माझं संपल्यावर अण्णांनी कागद उलटा करून बघितला, परत दिला.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “रोहिणीनंबी असंच सांगितलं हुतं.”

मी कागदाची घडी घालायला लागले. चार वर्षं घासली होती मी त्या एका कागदासाठी.

“थांब की,” अण्णा म्हणाले. “आता ह्ये सांग. पाऊस नसतो, नुसतं दमट आभाळ येतं. त्या दिशी प्यान उशीर लावतो. रस त्योच, वाफ तीच, मीबी त्योच. का?”

मला येत नव्हतं. पुस्तकात कुठं असेल तेही सुचेना. मी विचारलं, “रोहिणीताईनं काय सांगितलं?”

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

“तिला न्हाई इचारलं,” ते म्हणाले.